कारण: महापूर

इतिहासाच्या निबंधासाठी गावातली महत्त्वाची घटना निवडायची होती. तिनं पूल कोसळल्याची निवडली. पूल बांधणारे कंत्राटदार तिचेच बाबा, ते हौसेनं मुद्दे काढून द्यायला बसले.

"कारण लिही, महापूर. परिणाम, नवा पूल मंजूर झाला. तोही आपल्यालाच मिळाला, ते मात्र घालू नकोस," ते खो खो हसले.

"पण बाबा, नदी तर कोरडी होती. म्हणूनच पोरं पुलाखाली खेळत होती ना?"

"पूर म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. लिही गुपचूप."

पेन खाली ठेवून ती भिंतींकडे बघत राहिली.

 

"बाबा, पूल आणि आपलं घर तुम्ही एकाच वेळी बांधलंत ना? मग घराला अजून एकही तडा कसा नाही?"