शेंडेफळाची मेणबत्ती

“तुझा तो लाल ट्रॅक्टर सांताने नव्हता रे आणला,” केकचा तुकडा चहात बुडवत विनी म्हणाली. “आपल्या डेलियाने आणला होता. कोटाखाली लपवून.”

मेणबत्ती खोचायला कोरत असलेला सलगम डेलियाच्या हातून निसटून सिंकमध्ये पडला.

“आई!”

फिंटन खो खो हसला. “घ्या! चाळिशीत माझा सांता मेला.”

“हळू बोल,” डेलिया म्हणाली. “पोरगी परसात आहे.”

फिंटनची सात वर्षांची लेक, ऊना, रेनडिअरसाठी गाजर शोधायला गेली होती. शाळेतल्या कुण्या शहाण्याने तिला सांगितलं होतं, सांताबिंता काही नसतो, खेळणी आईबाप आणतात. तेव्हापासून ती सगळ्यांकडे फौजदारासारखी बघत होती. तिची आई डब्लिनच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर. ती उद्या येणार. फिंटनची इच्छा एवढीच की हा एक नाताळ तरी निभावून जावा. निळी स्कूटर त्याने शेजारच्या गोठ्यात गवताखाली दडवली होती.

आणि इथे विनीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. जन्मभर बाई पक्की. शेजारणींनी खोदून खोदून विचारावं आणि हिने हवापाण्यावर बोलावं. पण गेल्या वसंत ऋतूपासून तिचं डोकं फिरल्यासारखं झालं होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, जुनंपानं मात्र भडाभडा बाहेर पडायचं.

फिंटनचा फोन आला, यंदा नाताळ गावीच करू म्हणून, तेव्हापासून डेलियाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. लग्नापासून ही मंडळी नाताळला फिंटनच्या सासुरवाडीलाच असायची. सकाळपासून ती आईच्या आगेमागे होती. रेडिओ मोठ्याने लावायचा, आईच्या तोंडचा घास संपू द्यायचा नाही, काही निघालंच तर विषय बदलायचा.

“ताई, तू तर जणू आई कुणाचा खून सांगणार आहे अशी बावरतेस,” फिंटन म्हणाला.

“तुला काय ठाऊक,” डेलिया पुटपुटली आणि पुन्हा सलगम कोरायला लागली.

डेलियाने लग्न केलं नाही. गावातल्या विणकामाच्या गिरणीत राबली, गिरणी बंद झाल्यावर घर आणि आई सांभाळली. फिंटन तिच्याहून सतरा वर्षांनी लहान, घरातलं शेंडेफळ. विनीवर देवाने उशिरा कृपा केली, असं अख्खं गाव म्हणायचं.

ऊना गाजर घेऊन आली. खुर्ची ओढून म्हातारीसमोर बसली. चौकशी सुरू.

“आजी, तुझ्या लहानपणी सांता काय आणायचा?”

“मोज्यात एक संत्रं. आणि चिंध्यांची बाहुली.”

“आणि आत्याला?”

“उड्या मारायची दोरी, रंगीत मुठींची. एका वर्षी मात्र काहीच नाही.” विनी डेलियाकडे वळली. “त्या वर्षी तू सिस्टरांच्या मठात होतीस ना गं?”

“शिवण शिकायला, आई. चहा गार होतोय तुझा.”

“मग सांता तिथे का नाही गेला?” ऊनाने विचारलं.

डेलियाने आईच्या कपात गरम चहा ओतला. “तिथे धुराडं नव्हतं गं,” ती म्हणाली.

“बघ, आत्याला सगळं माहीत असतं,” फिंटन म्हणाला.

बाहेर अंधारून आलं. आता खिडकीतली मेणबत्ती. घरातल्या सगळ्यांत लहान पोराने ती लावायची, म्हणजे वाट चुकलेल्याला कळतं की इथे जागा आहे. आणि या घरात पोराच्या हातावर त्याच्या आजीचा हात असायचाच. विनीचा हात तिच्या आजीने धरला होता. फिंटनच्या वेळी विनीची सासू गेलेली होती, म्हणून त्याचा हात विनीच धरायची.

“आई दमलीय,” डेलिया म्हणाली. “तिला निजवते. यंदा तूच धर लेकीचा हात.”

“छे! आजी खणखणीत बसलीय आणि मी कशाला धरू? नियम म्हणजे नियम.”

“फिंटन, ऐक माझं.”

“ताई, आता पुरे. पोरगी पहिल्यांदा लावतेय इथे. आईला त्यातून वगळू नकोस.”

डेलियाने सलगमात लाल मेणबत्ती खोचून खिडकीत ठेवली, भोवती हॉलीच्या काटेरी हिरव्या डहाळ्या मांडल्या आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या खुर्चीमागे उभी राहिली.

एवढ्यात ऊनाने नेमका घाव घातला. “आजी, खरं खरं सांग. सांता खरा आहे?”

फिंटनने डोळेच मिटून घेतले.

“खरा म्हणजे!” विनी फणकारली. “माझा बाप त्याच्यासाठी काळ्या बिअरची बाटली काढून ठेवायचा. सकाळी बघावं तर रिकामी ठणठणीत! आता सांग, देवमाणसाशिवाय कोण पिणार ती?”

ऊनाचा चेहरा खुलला. शंका फिटली. ती धावत बाटली आणि केक शेगडीपाशी ठेवून आली. फिंटनने सुटकेचा निःश्वास टाकला आणि डेलियाकडे बघून डोळा मिचकावला. झालं ना, उगीच घाबरत होतीस!

डेलियाने आईच्या खांद्यावरचा हात काही काढला नाही.

“चल, शेंडेफळा,” फिंटनने लेकीला काडी पेटवून दिली. “आजी, धर हिचा हात.”

विनीने ऊनाची मूठ हातात घेतली. खूप मायेने कुरवाळली. आता तिचे डोळे अगदी स्वच्छ होते, पूर्वीसारखे. मग तिने मागे हात नेऊन डेलियाला पुढे ओढलं आणि पोरीची मूठ तिच्या हातात दिली.

“मी कशी धरू रे? मी पणजी. हात आजीने धरायचा असतो. धर, डेलिया.”