चौथी फेरी

"कोन इस्वास ठेवनार नाय, पन आपल्या शिरवण्याच्या खळ्यावर एकदा ओजिब्वे लोकांचा पॉव-वॉव झाला हाय," गंगाराम म्हणाला.

खाटेवरची गोजरा कौलांकडे बघत राहिली. टायफॉइड उतरून अठरा दिवस झाले होते. अशीच पडून राहिली तर पाय आखडतील, डॉक्टर म्हणाले होते. पण नऊ वर्षांची नात ना बोलत होती, ना पाय खाली टाकत होती.

"सिडकोवाले जमीन मोजाया आले, त्या सालची गोष्ट. कॅनडातून गव्हाचं जहाज आलं. त्यातला एक खलाशी ओजिब्वे, तिकडचा आदिवासी. माज्या होडीत बसून हितं आला. म्हनला, आमच्या पॉव-वॉवात, म्हंजी नाचाच्या मेळ्यात, मधी ढोल, भवती सगले, नि पोरं सगल्यांच्या फुडं. मंग काय! आगऱ्यांची, कोळ्यांची, बुद्धवाड्यातली, सगली पोरं एका रिंगनात."

गोजरानं मान वळवली.

"त्यांच्यात एका बापाची लेक आजारी पडली. बापाला सपनात झगा दिसला, पत्र्याच्या नळ्या लावलेला. घमेल्यात चिंबोऱ्या सरसरतात ना, तसा वाजनारा. तो घालून नाचली नि लेक बरी झाली. मी पन तपकिरीच्या डब्यांची झाकनं वळवून परकराला शिवली. तीनशे पासष्ट!"

गंगारामची सून भिमाबाई पेजेची वाटी घेऊन दारात आली. "बाबा, दमवू नका तिला."

"नि तो परकर घातला कोनी? ह्या तुज्या आयनं! दहा वर्सांची, तापानं पार मोडलेली."

भिमाबाईनं तोंड उघडलं. सासऱ्यानं डोळ्यांनीच तिला गप्प केलं आणि मांडीवर तळव्यांनी ठेका धरला.

"पयल्या फेरीला खांद्यावर घेतली. दुसऱ्या फेरीला दोघांनी धरली. तिसऱ्या फेरीला एकटी चालली..."

कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडले होते. ठेक्यासरशी ते हळूहळू गोल फिरू लागल्यासारखे वाटले. चादरीखाली अंगठा हलला.

"नि चौथ्या फेरीला..."

गंगाराम थांबला. पानाला चुना लावत बसला. लावतच बसला.

चादर सरकली. एक पाय खाली आला. मग दुसरा. खाटेचा खूर धरून गोजरा थरथरत उभी राहिली.

"खोटारडा आजा!" तिचा आवाज घोगरा निघाला. "आयचं माहेर उलव्याला हाय. लगनाआधी तिनं शिरवणं बगलंच नव्हतं!"