सुई उडू नये म्हणून

केरबाला गाण्याचा भारी नाद. तो लढाईवरून परत येणार म्हणून त्याच्या वडलांनी, नाथाजींनी, साताऱ्याहून ग्रामोफोन आणला. पण घरात जरा कुणी चाललं की त्याच्याखालची लाकडी फळी हादरायची आणि तबकडीवरची सुई उडायची. नाथाजींनी फळी काढून भिंतीत जाड दगडी फरशी बसवली, वर घोंगडीची घडी घातली. मग शेजारी जातं फिरलं तरी सुई जागची हलेना.

केरबा आला. तोफांनी त्याचे कान नेलेत, हे घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. नाथाजींनी हौसेनं गाणं लावलं. केरबानं फिरत्या तबकडीकडं पाहिलं, फरशीवर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.



"आबा, दवाखान्यात रेडिओच्या टेबलावर हात ठिवला की गाणं कळायचं. हितं हाताला कायच लागंना."