दत्तूची शहाऐंशी

"श्वास सोड," टेप धरलेला जवान म्हणाला.

दत्तूने सोडला. निदान त्याला तसं वाटलं. जवानाने छातीवरची टेप वाकून वाचली. शहाऐंशी.

"आता फुगव."

दत्तूने नाकपुड्या फेंदारून हवा ओढली. जवानाने पुन्हा वाचलं. शहाऐंशी.

"अरे, आधी सोड म्हटलं ना."

"सोडलाय, साहेब."

एक्याण्णव सालच्या त्या भरतीत भिवंडीला आगीच्या बंबावर सहा माणसं घ्यायची होती. धावणं, दोर चढणं, वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन पळणं, सगळ्यात दत्तू पहिला आला होता. राहिली होती छाती. साधी एक्याऐंशी सेंटिमीटर आणि फुगवल्यावर पाच जास्त, एवढीच अट. आठवड्याने दत्तूला पंचवीस पूर्ण होणार होती आणि त्यानंतर भरतीला कुणी उभं करणार नव्हतं. म्हणजे मग नारपोलीच्या कारखान्यातला कापड विणायचा लूम, जन्मभर. तिथे त्याचा बाप काळूराम बावीस वर्षं कापसाची भुकटी गिळत होता. तोही शिफ्ट संपवून तसाच आला होता आणि मैदानाच्या भिंतीशी बसून खोकत होता.

छातीची ही करामत अर्थातच वस्ताद अवधूत यांची. वस्ताद दिवसा कचेरीत कारकून होते, पण सकाळी पाच ते सात या वेळात प्राणबलाचे एकमेव अधिकारी असत. नारपोलीत हवेपेक्षा कापूस जास्त. अशा ठिकाणी माणसाने श्वासाची तालीम काढावी, याला थोर मनच लागतं. जुने पहिलवान खुराकाने नव्हे, श्वासाने मोठे झाले, असं ते सांगत. ते बघायला वस्ताद तिथे नव्हते, ही किरकोळ बाब झाली.

त्यांच्याकडे जोर होते, बैठका होत्या, मुद्गल होते. पण सगळं छाती भरून. "श्वास म्हणजे ताकद," वस्ताद म्हणायचे. "बाहेर सोडला, तेवढी ताकद गेली." म्हणून चालताना, जेवताना, झोपतानासुद्धा छाती भरलेलीच ठेवायची. अगदीच जीव जायला लागला तर थोडा सोडायचा, नाकातून, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. तालमीतली बाकीची मंडळी दाराबाहेर पडली की खुशाल माणसासारखा श्वास घ्यायची. दत्तूने मात्र दोन वर्षं वस्तादांचा शब्द पाळला. त्या मंडळींपैकी भरतीला आलेले दोघे सकाळीच पास होऊन चहाला गेले होते.

"टेप तपासा तुमची," दत्तूसोबत आलेले वस्ताद पुढे झाले. "ही कमावलेली छाती आहे. ती अशी खाली येत नसते."

खुर्चीवर बसलेल्या भरतीच्या साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला खाली येणारीच हवीय. त्याला धुरात शिरायचंय, जत्रेत उभं राहायचं नाहीये."

जवानाने तिसऱ्यांदा मोजलं. पोट दाबून झालं, पाठीत थाप मारून झाली, खाली वाकवून झालं. दत्तूच्या कपाळावरून घाम निथळत होता. श्वास सोडायला नेमकं काय करतात तेच त्याला आठवत नव्हतं. शहाऐंशी. साहेबांनी मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं.

भिंतीशी बसलेला काळूराम उठला. दहा पावलं चालायला त्याला दोनदा थांबावं लागलं. त्याच्या भुवयांवर अजून शिफ्टचा कापूस होता.

"चल, दत्तू," तो म्हणाला. मग दम खाल्ला. "शेठला मी सांगून ठेवलाय. माझ्या बाजूचा लूम... रिकामा हाय. उद्यापास्नं ये." पुन्हा दम खाल्ला. "न्हाय जमला तर न्हाय जमला. काय करणार?"

दत्तूने बापाच्या भुवयांकडे पाहिलं. त्या छातीकडे पाहिलं, जी शर्टाच्या आत आता कुठे आहे तेही कळत नव्हतं. बावीस वर्षांनी आपण असेच दिसणार. त्याला फार भीती वाटली, आणि बापाची फार दया आली. त्याच्या आतून काहीतरी निघालं आणि निघतच राहिलं. खांदे पडले. कणा वाकला. टेप सैल होऊन पोटावर घसरली.

जवानाने ती घाईघाईने वर ओढून आवळली. "साहेब, एक्याऐंशी."

साहेबांचं पेन कागदाला टेकायच्या आत थांबलं. "आता फुगव, पोरा. सावकाश."

दत्तूने श्वास घेतला. रडत होता, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी आत गेला, पण गेला.

"शहाऐंशी," जवान म्हणाला, आणि त्यानेही मोठा श्वास सोडला.

काळूरामला काय झालं ते कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्याला हसू आलं आणि हसण्याची उबळ खोकल्यात गेली. दत्तूने त्याला धरून खाली बसवलं. वस्ताद तोवर साहेबांना सांगत होते की अशी छाती तयार करायला दोन वर्षं लागतात.

आठवड्याभरात तालमीच्या पाटीवर नवी ओळ रंगवून आली: 'येथे श्वास सोडण्याची शास्त्रोक्त पद्धतही शिकवली जाईल. बंबावर निवड झाल्याचा दाखला उपलब्ध.' तालमीत एकदम तीस नवे शिष्य आले. काळूराम रोज सकाळी सहाला त्याच रस्त्याने शिफ्टवर जायचा आणि पाटीखाली दम घ्यायला थांबायचा. तो थांबला की वस्ताद आतले मुद्गल थांबवत आणि सगळ्यांना दाराशी बोलावत.

"नीट बघून ठेवा," ते बोट दाखवून सांगत. "योग्य गुरू मिळाला नाही की माणसाच्या श्वासाचं असं होतं."