घरचं नाव

आकोसिता मॅडमनी दोन्ही हातांनी समुद्र मागे ओढून नेला, आणि वर्गातल्या सगळ्या पोरांचे डोळे त्याच्या मागून गेले.

मागच्या भिंतीशी चटईवर बसलेल्या उनाइसीला तेवढंच कळलं. ओहोटी. ती तिला कुणी शिकवायला नको होती. बेटावर जन्म गेला, खेकडे धरण्यात निम्मं आयुष्य. पण तिची तितिलिया ताडकन उठली, भराभरा हात हलवून तिनं मॅडमना काहीतरी विचारलं. मॅडम हसल्या. पोरगीही हसली.

"काय म्हणाली?" उनाइसीनं शेजारच्या विलिसीला विचारलं. मॅडमना ऐकू येत नव्हतं, मुलांनाही नाही. ऐकू येणाऱ्या आयांची अडचण नको म्हणून हातांचं बोलणं तोंडानं सांगायला शाळेनं ही विलिसी ठेवली होती.

"विचारतेय, चंद्र एवढा समुद्र ओढतो, तर आपल्याला का नाही ओढत?"

 मायलेकींनी घरी मिळून केलेल्या खुणांत मासा होता, भूक होती, 'बाबा आले, लपव' होतं. 'का' नव्हतं. कधी गरजच पडली नाही. की पडली होती, आणि पोरीनं ते नुसतं गिळलं होतं?

परवापरवापर्यंत अख्खं गाव म्हणायचं, पोरगी काय म्हणते ते तिच्या आईला विचारा. आता आईच भलतीला विचारत होती.

"मॅडमचा फार जीव आहे हिच्यावर," विलिसी म्हणाली. "नावसुद्धा त्यांनीच ठेवलं."

"नाव? नाव मी ठेवलंय. चर्चमध्ये, चारचौघांदेखत."

"ते तोंडाचं हो, तितिलियाच्या आई. हातांचं वेगळं. ते बहिऱ्या माणसानंच द्यायचं, अशी यांच्यात रीत आहे." विलिसीनं दोन बोटं भुवईवरून वर उडवली. "हे असं. सारखे प्रश्न, सारख्या भुवया वर. सगळे याच नावानं हाक मारतात तिला."

उनाइसीच्या आत काहीतरी करपलं. पोटात वाढवलं कुणी, आणि बारसं केलं कुणी!

"दुपारची बोट आहे," ती उठत म्हणाली. "घेऊन जाते तिला."

"अहो, सुट्टीला अजून वेळ आहे."

"सुट्टीला नाही. कायमची."

तितिलियाची नजर वळेपर्यंत ती थांबली. मग वाकवलेलं बोट तिनं नाकाच्या शेंड्यावर घासलं. एकदा, दोनदा.

सगळा वर्ग वळून बघायला लागला. पुढच्या बाकावरच्या पोरानं तसंच आपलं नाक घासलं आणि वर्गात हशा पिकला, चांगला खणखणीत. तितिलिया कानापर्यंत लाल झाली. धावत आली आणि तिनं आईचा हात खाली दाबून धरला.

"बघितलंस? लाज वाटते माझी," उनाइसी विलिसीला म्हणाली. "सांग तुझ्या मॅडमना, घ्या म्हणावं. पोरगी तुम्हालाच घ्या."

विलिसीनं त्यातलं किती सांगितलं कोण जाणे. मॅडम जवळ आल्या. त्यांचे हात हलले.

"ती खूण कसली, विचारतात."

"नाव आहे तिचं. मी ठेवलेलं. अंगावर पीत होती तेव्हा झोप आली की माझ्या खांद्यावर नाक घासायची. ऐकू येत नाही हे कळलंसुद्धा नव्हतं तेव्हा."

विलिसीचे हात थांबेपर्यंत मॅडम बघत राहिल्या. मग पोरीकडे वळल्या आणि कौतुकानं बोट वाकवून स्वतःच्या नाकाशी नेलं.

तितिलियानं त्यांचं मनगट धरलं. तोंडावरचं हसू पार गेलं होतं. मनगट न सोडता दुसऱ्या हातानं ती काहीतरी बोलली. थोडकंच, पण तोडून.

"काय म्हणाली?"

"तुम्ही नाही, म्हणते. ते घरचं आहे. आईनंच म्हणायचं, तेही इथे नाही."

उनाइसीला जिंकल्यासारखं वाटलं. वाटू नये तेवढं वाटलं. पोरगी जागेवर जाऊन बसली तशी तीही परत चटईवर टेकली आणि ऐटीत मॅडमकडे बघू लागली.

मॅडम अजून तिथेच होत्या. कुणाकडेही न बघता, पोटापाशी, त्यांची बोटं बारीक हलली.

"आता काय म्हणतात?"

"तुम्हाला नाही. स्वतःशीच बोलल्या."

"तरी काय?"

विलिसीनं आवाज खाली आणला, जसं काही मॅडमना ऐकू जाणार होतं.

"म्हणाल्या, माझी आई मला खडे मारून बोलवायची."