जपाचं मशीन

कमळमावशींनी आजही शेजारच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरली होती.

"ये बाय. खिडकीकडं बस."

हेमांगी बसली. ओढणीखाली तिच्या बोटात जप मोजायचं छोटं मशीन होतं, अंगठीसारखं. भांडुप स्टेशनला बसमध्ये माणूस चढला की ती अंगठ्यानं एकदा दाबायची.

नव्या कायद्यानं बससेवेला मिळणारा सरकारी पैसा मार्गागणिक ठरणार होता. दुपारच्या फेरीला वीस माणसं नसतील तर त्या मार्गाचं अनुदान बंद, म्हणजे बसही बंद. पासवाल्यांमुळे तिकिटांवरून नीट अंदाज येत नव्हता. म्हणून आठवडाभर गुपचूप डोकी मोजायला ऑफिसनं हेमांगीला पाठवलं होतं. खाडीकडच्या कोळीवाड्याला ही एकच बस जायची. रिक्षावाले तिकडं वळायचेच नाहीत.

"कोणाचा जप गो?" पहिल्या दिवशी मावशींनी विचारलं होतं.

"स्वामींचा," हेमांगी पटकन म्हणाली होती.

"कर, कर. आमच्या वाटचा पन कर."

मावशी मासळी विकून परतायच्या. मांडीवर रिकामी पाटी असायची. पाटीला वास म्हणून येत नव्हता. किती स्वच्छ बाई, हेमांगीला वाटायचं. मागच्या सीटवरची नीला दवाखान्यातून यायची. पिंटू जाळ्याचा दोर आणायला गेलेला असायचा, रोज. सगळे हेमांगीची चौकशी करायचे. जेवलीस का, झोप झाली का, एवढी सुकलीस कशानं.

वाकोल्याच्या खोलीत तिला असं विचारणारं कोणी नव्हतं. नवरा दुबईला. दोन वर्षांची तेजल कराडला, सासूबाईंकडे. रात्री व्हिडिओ कॉल लावला की तेजल आधी फोन चाटायची आणि मग आजीच्या मांडीवर जाऊन बसायची.

"लेक वलखते ना तुला?" मावशींनी एकदा विचारलं.

"ओळखते," हेमांगी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

 मावशींनी तिचा हात, मशीनवालाच, ओढून आपल्या पाटीवर घेतला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत तसाच धरून ठेवला.

गुरुवारी एक माणूस कमी पडला. पिंटूला ताप होता. हेमांगीनं इकडंतिकडं पाहिलं आणि स्वतःसाठी एकदा दाबलं.

शनिवारी मोजणीचा शेवटचा दिवस. "सोमवारपासून माझी ड्युटी दुसरीकडं," एवढंच ती म्हणाली. मावशींनी सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी तिच्या पर्समध्ये कोंबली.

"इसरशील आमाला," नीला म्हणाली.

"नाही विसरणार."

मार्ग वाचला. ऑफिसात कागद फिरत होते, बाहेर सांगायची अजून परवानगी नव्हती. पण पेढे द्यायला कोणाची परवानगी लागते? पुढच्या आठवड्यात तिनं रजा टाकली. तेजलचा वाढदिवस होता म्हणून सांगायचं, असं ठरवलं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं. मशीन खोलीतच ठेवलं.

भांडुपला बस उभी होती. सीटवर रुमाल नव्हता. मावशी नव्हत्या, नीला नव्हती. मांडीवर बॉक्स घेऊन ती खिडकीकडं बसली. बस तिला एकटीला घेऊनच सुटली.

"आज कोणीच नाही?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"दुपारचं कोण येतंय इकडं," तो म्हणाला. मग त्यानं आरशात तिच्याकडं पाहिलं आणि जीभ चावली.

शेवटच्या थांब्यावर कमळमावशी ओट्यावर बसून जवळा निवडत होत्या. हेमांगीला इतकं बरं वाटलं की तिनं खिडकीतूनच हात हलवला, पेढ्यांचा बॉक्स उंच धरला.

मावशींनी डोळे बारीक करून पाहिलं. सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. आणि गल्लीकडं तोंड करून हाक दिली,

"बायांनो, जपवाली परत आयली गो! चला, चढा बेगीन!"