दोघांची पसंती

मिस्त्रींच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी कप्तानांची गाडी शेडमध्ये आली. चारही चाकांना जोर असलेला जुना ट्रक, मागचा हौदा काढलेला. त्यावर राहायची खोली बांधायची होती. झोपायला, रांधायला, आंघोळीला जागा हवी, आणि रस्ता संपला तरी गाडी पुढे जायला हवी.

"हिवाळ्याआधी निघायचंय," कप्तान म्हणाले. "माझा जन्म बोटीवर गेला. हिला नेलं ते फक्त बंदरापर्यंत, टाटा करायला."

"आणि आता डबड्यात बसवून नेणार," त्यांची बायको म्हणाली. "तेही घराच्या किमतीत!"

मिस्त्री हसले, पण ते हसू दमलेलं होतं. वेल्डिंग करता करता डोळे अधू झाले होते, गुडघे कुरकुरत होते. ही शेवटची गाडी, मग शेडला कुलूप, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांचा एक नियम होता. आधी प्लायवूडचा डबा, खऱ्या मापाचा. त्यात नवराबायकोनं बसायचं, आडवं व्हायचं, भांडून घ्यायचं. दोघांची पसंती आल्याशिवाय खऱ्या पत्र्याला हात नाही. मागे एकदा नुसत्या नवऱ्याच्या शब्दावर बांधलेली गाडी बायकोनं आत पाऊल न टाकता परत पाठवली होती.

कप्तानांनी पहिल्याच दिवशी पसंत म्हटलं. बाई आत जाऊन आडव्या झाल्या, बराच वेळ छताकडे बघत राहिल्या.

"पलंग खाली घ्या," त्या म्हणाल्या. "एवढं उंच ह्यांना चढवायचं नाही."

पलंग खाली घेतला. मग त्याखालची पाण्याची टाकी मावेना. ती पुढे सरकवली, तर सगळं वजन पुढच्या चाकांवर आलं. मांडणी पुन्हा फिरवली. मग पायरी ठेंगणी हवी झाली. मग दाराशी धरायला दांडा.

कप्तान रोज विचारत, "पत्रा कधी कापणार?"

"वहिनींना विचारा."

"अगं, हो म्हण की एकदाचं!"

"लग्नाला हो म्हटलं तेवढं पुरे झालं," बाई म्हणत. "दांड्याचं बघू द्या आधी."

एका दुपारी त्या एकट्याच आल्या. शेडमधल्या स्टुलावर बसल्या.

"मिस्त्री, ह्यांच्या हृदयाचं काही खरं नाही. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलंय, मला एकटीला. तिकडे डोंगरात काही झालं, तर मागे राहिलेल्या माणसानं काय करायचं?"

"मग गाडी रद्दच करा ना, वहिनी."

"रद्द केली तर उद्या अंथरूण धरतील. या गाडीच्या नादानं उठतात, दाढी करतात. तुम्ही फक्त रेंगाळा. शिव्या मी खाईन."

मिस्त्रींना खोटं बोलता येत नसे. पण रेंगाळायला खोटं बोलावं लागत नव्हतं, आणि ते थकलेले तर होतेच.

थंडी पडू लागली तसे कप्तान उतावीळ झाले. एक दिवस धावतच आले.

"खिडक्या नकोत, कपाटं नकोत. चार भिंती आणि पलंग द्या. तिला बर्फ बघायचाय. तुमचा नियम एकदा मोडा, माझ्यासाठी."

मिस्त्रींनी त्यांचा घामेजलेला चेहरा पाहिला आणि स्टूल पुढे केलं. "बसा आधी. जिवाला जपा."

"जिवालाच जपतोय हो!"

"वहिनींनी हो म्हणू दे. दुसऱ्या दिवशी पत्रा कापतो."

कप्तान बसले नाहीत. प्लायवूडच्या डब्यावर एकदा हात फिरवून निघून गेले.

तिकडे डोंगरात बर्फानं घाट बंद झाले. कप्तान येईनासे झाले. मिस्त्रींच्या मनात नको ते येई, पण त्यांच्या घरी जाऊन विचारायचा धीर होईना.

मग एका सकाळी कप्तान स्वतःच दारात उभे राहिले, ताठ, न धापा टाकता. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

"बरं झालं आलात! छातीचं कसं आहे आता?"

"माझ्या छातीला काय झालंय?" कप्तान म्हणाले. "दुखणं तिचं होतं. डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं होतं. मी तिला कळू दिलं नव्हतं, म्हणून तर घाई करत होतो."

कप्तानांची बायको जानेवारीच्या नऊ तारखेला, सकाळी, घरीच वारली होती.